कापसाच्या ट्रॉलीला आधी रेडियम लावा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वेचणी सुरू झाली की आमच्या मूर्तिजापूर-कारंजा रस्त्यावर अंधार पडल्यावर जीव मुठीत धरून गाडी चालवावी लागते. मागच्या डिसेंबरात लेकीच्या घरून परत येत होतो. आठ वाजून गेले होते. समोरून एक ट्रक अप्पर लावून आला. दोनदा डिप्पर दिला, पण त्याने लाइट खाली केला नाही. तो बाजूने गेला आणि गाडीसमोर एकदम काळी भिंतच उभी राहिली. कापसाने फुगलेली ट्रॉली होती ती! कचकन ब्रेक दाबला म्हणून वाचलो. पुढे जाऊन हॉर्न वाजवत ट्रॅक्टर थांबवला, तेव्हा दिसलं की वर ताडपत्रीखाली दोन बाया आणि एक लहान पोर झोपलेलं होतं. माझ्या वायपरमध्ये त्यांचाच उडालेला कापूस अडकला होता. ड्रायव्हरला मागे काय झालं याचा पत्ताही नव्हता.

त्याला दोष देऊन काय करणार? ट्रॅक्टरचे मागचे दिवे ट्रॉलीआड जातात, ट्रॉलीच्या दिव्याची वायर तुटलेली असते आणि एखादा रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या ताडपत्रीखाली झाकतो. भरलेली ट्रॉली ताशी 20 किलोमीटरने चालते आणि मागची गाडी 80 ने येत असेल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला सोळा-सतरा मीटरने कमी होतं. डिप्पर लाइटमध्ये पन्नासेक मीटरवरचं दिसलं, तरी हातात तीनच सेकंद उरतात.

2022 च्या जूनमध्ये आमच्याच भागात, अमरावती-अकोला महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनेस बुकात नोंद झाली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण रस्ता गुळगुळीत झाला तशी गाड्यांची धावही वाढली. दुभाजकातलं वळण लांब पडतं म्हणून ट्रॉल्या उलट्या बाजूने येतात, ते तर फारच जिवावरचं आहे.

आमच्या फाट्यावर आलुबोंडा-रस्स्याची एक टपरी आहे. टपरीवाल्याने शेजारच्या नाल्याच्या पुलकठड्यावर जुन्या सीडी तारेने ओवून टांगल्या आहेत. गाडीचा उजेड पडला की अख्खा कठडा चमकतो. आता ट्रॉलीवाले चहाला थांबतात, तेव्हा तो त्यांनाही दोन-दोन सीडी मागच्या फाळक्याला बांधून देतो. पैसे घेत नाही. अमरावतीकडचे गाडीवाले मुद्दाम थांबून त्याचा फोटो काढतात. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

मागे तांबडे रिफ्लेक्टर लावायचे हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेलंच आहे. त्या रात्रीपर्यंत माझ्या स्वतःच्या ट्रॉलीलाही रेडियम नव्हतं, हे कबूल करतो. दुसऱ्याच दिवशी पट्टी आणली, फाळका पुसला आणि ताडपत्री येणार नाही इतकी खाली लावली.

माझी मागणी एवढीच आहे. हंगामात प्रत्येक ट्रॉली जिनिंगच्या नाहीतर बाजार समितीच्या काट्यावर येतेच. तिथेच फाळका पाहावा, रेडियम नसेल तर लावून द्यावं, हवं तर पट्टीचे पैसे कापसाच्या चुकाऱ्यातून कापून घ्यावेत. कुणी कुरकुरणार नाही. दसऱ्याआधी हे ठरलं, तर पहिल्या वेचणीच्या ट्रॉल्यांपासूनच लागू होईल.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
ता. मूर्तिजापूर, जि. अकोला