शेवट ठाऊक असूनही पान उलटणारा वाचक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगाच्या अंताविषयीच्या कथांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात अमेरिकेतील ख्रिस्ती अंतकाळ-कादंबऱ्या दोन वाक्यांत उरकल्या गेल्या. भाबड्या लोकांना घाबरवून खपवलेला माल, एवढाच त्या उल्लेखाचा सूर होता. मी मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलो असून या कादंबऱ्यांमागील शिकवण मला पटत नाही. तरीही त्यांच्या वाचकाला इतक्या स्वस्तात निकालात काढणे योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या प्रकारातील सर्वांत गाजलेली माला म्हणजे टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’, म्हणजे ‘मागे राहिलेले’. लाहे हे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तर जेन्किन्स व्यवसायाने लेखक. 1995 ते 2007 या काळात या मालेच्या 16 कादंबऱ्या निघाल्या आणि त्यांच्या 6 कोटींहून अधिक प्रती खपल्या. 2001 साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी हा या मालेचाच नववा भाग होता. कथेची सुरुवात शिकागोहून लंडनला निघालेल्या विमानात होते. मध्यरात्री, अटलांटिकवर असताना, काही प्रवासी एकाएकी नाहीसे होतात आणि आसनांवर केवळ त्यांचे कपडे उरतात. येशूने आपल्या खऱ्या अनुयायांना आणि जगातील सर्व बालकांना वर उचलून घेतले आहे; मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आता सात वर्षांचे महासंकट आणि ख्रिस्तविरोधकाचे, म्हणजे अंतकाळी येणाऱ्या ख्रिस्ताच्या शत्रूचे, राज्य येणार आहे.

आता नायक कोण आहेत ते पाहावे. उचलले गेलेले संत पहिल्या काही पानांतच कथेतून बाहेर पडतात आणि पुढची हजारो पाने मागे राहिलेल्यांची आहेत. वैमानिकाची पत्नी श्रद्धाळू होती; तिच्या भक्तीचा त्याला कंटाळा आला होता आणि त्या रात्री त्याच्या मनात विमानातील एक सहकारी तरुणी घोळत होती. घरी परतल्यावर त्याला अंथरुणात पत्नीचे रात्रीचे कपडे तेवढे सापडतात. याहून बोचरे पात्र आहे ते चर्चमधल्या साहाय्यक पाळकाचे. आजाऱ्यांना भेटणे आणि लोकांचे सांत्वन करणे हेच त्याचे काम. पण बायको आणि मुले गेली आणि हा मागे राहिला, कारण जे तो इतरांना सांगत होता त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास कधी बसलाच नव्हता. हा प्रसंग नास्तिकाला घाबरवण्यासाठी लिहिलेला नाही. दर रविवारी बाकावर बसणाऱ्या, तोंडपाठ प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाला तो विचारतो की तुझे काय. ज्या माणसाला हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्याला या पुस्तकांचे आकर्षण कळणार नाही. शिवाय मागे राहिलेल्यालाही येथे आणखी एक संधी मिळते, हा दिलासा त्या भीतीच्या पोटातच ठेवलेला आहे.

दुसरी गोष्ट रहस्याची. एरवी रहस्यकथेचा शेवट आधी सांगितला की वाचकाचा विरस होतो. येथे मात्र शेवट बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या पुस्तकात छापलेला आहे आणि वाचकाला तो ठाऊक आहे. नृसिंह खांबातूनच प्रकटणार हे माहीत असूनही कीर्तनाचा श्रोता प्रल्हादाच्या छळाने कळवळतो, त्यातलाच हा प्रकार आहे. कोण जिंकणार हा प्रश्न उरत नाही. आपण ओळखीची केलेली माणसे तोवर टिकतील का, एवढाच उरतो. रोजच्या बातम्यांतील युद्धे आणि भूकंप यांनाही मग एका कथेत जागा मिळते, आणि बातम्यांनी थकलेल्या माणसाला याचे किती बरे वाटत असेल हे समजून घेण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. महासंकटाच्या आधी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावंतांचा समुदाय, गुपचूप उचलली जाईल, ही शिकवण प्राचीन नाही. 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी तिची मांडणी केली. 1909 साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांसह असलेल्या बायबलने ती अमेरिकेत घरोघरी नेली. त्या ग्रंथात वचन आणि टीप एकाच पानावर असत, आणि कुठले प्रेषिताचे व कुठले स्कोफील्ड यांचे, हा भेद अनेकांच्या मनात पुसट झाला. कादंबरी तर त्याहून पुढे जाते, कारण तिला टीपच नसते. एक अर्थ घटना म्हणून समोर घडतो आणि दुसऱ्या अर्थाची शक्यताच उरत नाही. उदाहरणार्थ, बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात शेतातील दोघांपैकी एकजण घेतला जातो आणि एक ठेवला जातो. पण त्याच्या लगेच आधी नोहाच्या काळाचा दाखला आहे आणि तेथे पुराने नेले ते बुडालेले लोक. वाचले ते मागे राहिलेले. मालेचे नाव या जागी उलटे वाचता येते, हे वाचकाला कुणी सांगत नाही.

त्याहून मला खटकते ते शांततेविषयीचे शिक्षण. येथील ख्रिस्तविरोधक हा संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होतो आणि शस्त्रे खाली ठेवा असे सांगत सत्ता मिळवतो. सोळा भागांत हे इतक्यांदा गिरवले आहे, की समेटाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहण्याची सवय लागावी. यहुदी लोकांचे स्थानही असेच: कथेच्या घड्याळाला ते हवे आहेत, पण यहुदी म्हणूनच राहणाऱ्याला शेवटी जागा नाही.

आपल्याकडे वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांत ही शिकवण नाही. अनेक पेंटेकॉस्टल (प्रोटेस्टंटांमधील एका पंथाच्या) सभांमध्ये मात्र या उचलले जाण्यासाठीचा ‘रॅप्चर’ हा इंग्रजी शब्द तसाच मराठीत बोलला जातो. शाळेतून आल्यावर घर रिकामे दिसले, की सगळे उचलले गेले आणि आपणच राहिलो या भयाने रडू कोसळल्याच्या आठवणी अमेरिकेत अशा घरांत वाढलेले अनेकजण आज सांगतात. त्या मुलांविषयी आपल्या लेखकाने लिहिले असते, तर त्यांच्या टीकेशी मी सहमत झालो असतो.

‘प्रकटीकरण’ हे पुस्तक पात्म बेटावरून आशिया या तत्कालीन रोमन प्रांतातील सात मंडळ्यांसाठी लिहिले गेले. ते मोठ्याने वाचणारा आणि ऐकणारे धन्य, असे त्याच्या आरंभीच म्हटले आहे. म्हणजे ते सभेत एकत्र ऐकण्यासाठी होते, आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यावर रोमचे साम्राज्य होते. आपल्या पुरवणीने या विषयावर पुन्हा कुणाकडून लिहवून घेतलेच, तर लेखकाने आधी ते मूळ पुस्तक वाचावे, अशी विनंती आहे. त्याचे 22 अध्याय एका बैठकीत वाचून होतात.

आपला,
एक वाचक, पुणे