लपणाऱ्या माशाला आडोसा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत काचेची टाकी येते, आणि हल्ली त्या टाकीत गप्पी किंवा गोल्डफिशऐवजी ऑस्कर, अकारा, सेव्हरम असे सिक्लिड कुळातले रंगीत मासे सोडण्याकडे लोकांचा कल वाढला आहे. त्यानंतर महिन्याभरात माझ्यासारख्या जुन्या हौशी माणसांकडे एकच तक्रार येते, की मासा दिवसभर फिल्टरच्या मागे दडून राहतो, माणूस जवळ आला की अंग काळवंडते आणि खाणे टाकले तरी तो बाहेर येत नाही. अशा माशासाठी जे उपाय सर्रास सुचवले जातात ते त्याची भीती कमी करण्याऐवजी वाढवतात, असे माझे बावीस वर्षांच्या अनुभवावरून ठाम मत झाले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी हे कुळ आपल्याला अपरिचित नाही. उजनीच्या जलाशयातून बाजारात येणारी चिलापी याच कुळातली आणि गोव्याच्या खाड्यांतला काळुंदरही याच कुळातला. यातल्या बहुतेक जाती अंडी घालून निघून जात नाहीत. अंड्यांवर पहारा देतात, पिल्ले पोहू लागल्यावरही त्यांना सांभाळतात. ज्या माशाला शत्रू कोण आणि कोठून येतो हे सतत पाहावे लागते, तो मासा साहजिकच आजूबाजूच्या हालचालींची फार बारकाईने नोंद घेतो. मालक रोज कोणत्या वेळी टाकीजवळ येतो हे काही दिवसांत ओळखणारा आणि नव्या घरात आठवडेच्या आठवडे लपून राहणारा मासा एकच असतो, कारण दोन्हीच्या मुळाशी ही सावधताच आहे.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. चार वर्षांपूर्वी मी निळ्या अकाराचे एक अडीच इंची पिल्लू आणले. या माशाचे मूळ घर त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलातले ओढे व नद्या. पूर्ण वाढ झाल्यावर तो साधारण सहा इंचांचा होतो. माझी टाकी चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच, म्हणजे सुमारे अडीचशे लिटरची असल्याने जागेचा प्रश्न नव्हता. तरीही तीन आठवडे मासा एका मातीच्या मडक्यातून बाहेर आला नाही. तो दिसावा म्हणून मी मडके काढून घेतले, तळाशी पांढरी खडी पसरली आणि अधिक प्रखर दिवा लावला. दुसऱ्या दिवशी तो हीटर आणि काच यांच्यामधल्या फटीत अंग चोरून उभा होता, अंगावरचे निळे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले होते आणि त्याने पाच दिवस काहीही खाल्ले नाही. दुकानदाराने निळे औषध टाकण्याचा सल्ला दिला, तोही मी मानला. मिथिलीन ब्लू नावाचे ते औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारक ठरते, आणि माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर याच जिवाणूंकडून होत असते. भीतीच्या जोडीला मी त्याला बिघडलेले पाणीही दिले, याचे मला आजही वाईट वाटते.

नंतर मी सगळे उलट केले. पाणी सुधारले, मडके परत ठेवले, त्याच्या शेजारी आणखी एक मडके आणि ड्रिफ्टवुडचा मोठा ओंडका ठेवला. पांढऱ्या खडीच्या जागी काळपट वाळू घातली, टाकीची मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून गडद कागदाने झाकली आणि पाण्यावर तरंगत्या वनस्पती सोडल्या, म्हणजे वरून येणारा उजेड गाळून यावा. ज्या माशाला दिसावे म्हणून आपण लपण्याच्या जागा काढून घेतो, तोच मासा लपण्याच्या जागा भरपूर झाल्या की बाहेर येऊ लागतो. हे वाचायला विपरीत वाटेल, पण त्याचे कारण सरळ आहे: दोन हातांवर आसरा आहे एवढी खात्री असेल तरच मोकळ्या पाण्यात येण्याचा धोका कोणताही प्राणी पत्करतो.

तरीही सर्वांत मोठा फरक पडला तो सोबतीमुळे. मी त्या टाकीत आठ जायंट डॅनिओ सोडले. हे चपळ, चंदेरी मासे परदेशी नव्हेत. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांमध्ये ते आढळतात, थव्याने राहतात आणि पाण्याच्या वरच्या थरात दिवसभर फिरत असतात. वरच्या थरातले छोटे मासे निवांत हिंडत असतील तर जवळपास शिकारी नाही, असा अर्थ तळाशी दडलेला सिक्लिड लावतो. हौशी लोक अशा सोबत्यांना डिदर फिश म्हणतात. आठव्या दिवशी माझा अकारा डॅनिओंच्या पाठोपाठ दाण्यासाठी अर्ध्या टाकीपर्यंत आला. मात्र सोबती निवडताना तो भित्र्या माशाच्या तोंडात मावणारा नसावा. ऑस्करसारख्या फूटभर वाढणाऱ्या माशाला डॅनिओ म्हणजे खाऊच ठरतील, त्याच्यासाठी सिल्व्हर डॉलरसारखे उंच अंगाचे मासे आणि त्या मानाने बरीच मोठी टाकी लागते. भित्र्या माशाला धीट करण्यासाठी दुसरा आक्रमक सिक्लिड आणून सोडणे तर अजिबात करू नये.

सिक्लिडच्या अंगावर त्याची परिस्थिती किती लवकर उमटते, याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात बर्टोनी नावाचा एक सिक्लिड आहे. सॅब्रिना बर्माइस्टर, एरिक जार्व्हिस आणि रसेल फर्नाल्ड यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात टाकीतला वरचढ नर काढून घेताच दबून राहणारा नर काही मिनिटांतच उजळ रंग धारण करून वरचढ नरासारखा वागू लागला, आणि त्याच्या मेंदूतल्या जनुकीय क्रियेतही बदल दिसला. माझ्या अकाराच्या बाबतीत जे आठवड्यांनी घडले ते तिथे मिनिटांत घडले. पण मासा तोच, त्याच्याभोवतीचे जग तेवढे बदलले, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

उजेडाविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. या माशांना पापण्या नसतात. काळोख्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लावला की मासा दचकून काचेवर आपटतो, आणि रोज सकाळी हेच घडले तर त्याचा दिवस भीतीनेच सुरू होतो. आधी खोलीतला दिवा लावावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी टाकीतला. काचेवर टिचकी मारणे पूर्णपणे बंद करावे, कारण माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली बारीकशी कंपनेही जाणवतात. टाकी दूरदर्शन संचाच्या ध्वनिवर्धकाशेजारी किंवा सतत आपटणाऱ्या दाराजवळ ठेवू नये ते याचसाठी. दाणे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात टाकावेत आणि आरंभी तिथून दूर व्हावे. मासा आपल्या माघारी खाऊ लागला की थोड्या अंतरावर बसावे, मग दर काही दिवसांनी थोडे जवळ. न खाल्लेले दाणे काढून टाकावेत. चांगल्या वाढीचा सिक्लिड काही दिवस उपाशी राहिला तर त्याला अपाय होत नाही, पण कुजलेल्या खाण्याने पाणी नक्की बिघडते.

अर्थात प्रत्येक लपणारा मासा भित्राच असतो असे नाही. कल्ले भराभर हलणे, पर अंगाला चिकटलेले असणे, पांढरी धाग्यासारखी विष्ठा किंवा डोक्यावर खड्डे दिसणे ही आजाराची लक्षणे आहेत, आणि टाकी नवी असेल तर अमोनिया व नायट्राइट शून्य आहेत की नाहीत हे चाचणीने आधी तपासावे. त्या टाकीतले जिवाणू बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. महापालिकेचे नळाचे पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय टाकीत ओतू नये, हे तर प्रत्येक दुकानदाराने मासा विकतानाच सांगायला हवे.

हे सगळे करण्याइतका वेळ किंवा जागा नसेल तर मासा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा, परंतु जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नये, ही वाचकांना कळकळीची विनंती आहे. चिलापीची मोझांबिक जात १९५२ मध्ये आपल्या देशात आणली गेली आणि ती आपल्या जलाशयांत कायमची वसली. आपल्या टाकीतला मासाही तिथे एक तर तगून स्थानिक माशांच्या मुळावर येईल, नाही तर काही दिवसांत मरेल.

आपला,
एक वाचक, ठाणे