वाचलेले पैसे कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सरकारने वेळीच पाऊल उचलल्याने कांदा सामान्यांच्या आवाक्यात आला' हा कालच्या अग्रलेखाचा सूर. आवाक्यात आला हे खरेच. पण शहरातल्या घरात किलोमागे जे पैसे वाचले ते सरकारने तिजोरीतून दिले नाहीत, आम्हा कांदा उत्पादकांच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, गेले. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातले की महागाई कमी होते, हे अर्थशास्त्र कुठे शिकवतात तेवढे कळवावे.

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ मी विसरणार नाही. लाल कांद्याचा ट्रॅक्टर भरून बाजार समितीत गेलो, तर रात्रीतून निर्यातबंदी लागलेली आणि लिलाव बंद. ऑगस्टमध्ये लावलेले ४० टक्के निर्यातशुल्क कमी पडले म्हणून हा पुढचा उपाय! लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा पुकारा असा, की आदल्या आठवड्याच्या भावाची आठवणही काढू नये. मजुरी, गाडीभाडे, तोलाई वजा करून हाती आले ते घरी सांगायचीही लाज वाटली.

'शेतकऱ्याने घाई न करता टप्प्याटप्प्याने विकावे' असा सल्लाही आपण दिला आहे. लेखकमहाशयांनी लाल कांदा एकदा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवून पाहावा. टिकतो तो उन्हाळ कांदा. आणि तो कोणी साठवला की भाव चढताच तुमच्याच पहिल्या पानावर 'साठेबाज' म्हणून छापला जातो.

२०२३ च्या सुरुवातीला भाव मातीमोल झाला, तेव्हा 'आवक जास्त आहे, बाजारापुढे इलाज नाही' असे सांगून क्विंटलला ३५० रुपये अनुदानावर आमची बोळवण झाली. म्हणजे पडला तर बाजाराचा नियम, चढला तर सरकारचे कर्तव्य. बाजार खरा की सरकार खरे, एकदा काय ते ठरवा.

बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणाले, मग वाढवली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला मुभा दिली, त्यावर इकडे ओरड झाली. अखेर ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक-दिंडोरीचे मतदान २० मे रोजी होते, हा अर्थातच योगायोग. तोवर परदेशी गिऱ्हाईक पाकिस्तानचा कांदा घ्यायला शिकले होते. ते नुकसान कुठल्या महागाई निर्देशांकात दिसते?

जाता जाता आणखी एक. लासलगाव-पिंपळगावचे बाजारभाव आतल्या पानावर येत असत. हल्ली ते दिसत नाहीत, त्या जागी राशिभविष्य मोठ्या अक्षरांत येते. कन्या राशीला काल अचानक धनलाभ होता म्हणे. माझी रास कन्याच आहे. भाव पुन्हा छापावेत, ही विनंती.

आपला,
एक कांदा उत्पादक व जुना वर्गणीदार
ता. चांदवड, जि. नाशिक