आमच्या छोट्या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या व्यवस्थापकांना

आदरणीय व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही. तरीही आपल्या एका साध्या विनंतीचे ऋण माझ्यावर आहे आणि ते सर्वांसमक्ष मान्य करावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पूर्वी मी रानफुलांची छायाचित्रे एका मोठ्या समाजमाध्यमावर टाकत असे. सह्याद्रीच्या एका पठारावर दिसलेल्या कंदीलपुष्प या रानवेलीचे छायाचित्र मी ठिकाणाच्या नावासह टाकले आणि ते दोन दिवसांत हजारो अनोळखी लोकांपर्यंत पोहोचले. महिन्याभराने मी तेथे गेले, तेव्हा गवत तुडवलेले होते आणि वेलीच्या जागी खड्डा होता. कोणीतरी ती कंदासकट उपटून नेली होती. ठिकाण लिहिण्याची चूक माझीच. परंतु चित्राखालच्या शेकडो प्रतिक्रियांत मला वेळीच सावध करणारे एकही माणूस नव्हते, हे आजही सलते.

2022 च्या अखेरीस अनेकजण मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाकडे वळत होते, तेव्हा मीही आपल्या सर्व्हरवर खाते उघडले. ऑयगेन रोख्को यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या या जाळ्यात कोणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो आणि एका सेवेवरचा ईमेल जसा दुसऱ्या सेवेवर पोहोचतो, तसे वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे लोक एकमेकांशी बोलू शकतात, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते.

येथे टाकलेल्या माझ्या पहिल्याच, कंदीलपुष्पाच्या चित्राखाली आपण लिहिलेत, "चित्राचे वर्णन जोडाल का? आपले एक सभासद दृष्टिहीन आहेत, ते मजकूर ऐकून वाचतात." मी घाईने 'सुंदर जांभळट फूल' असे लिहिले. त्यावर त्या सभासदांनी विचारले, "याला कंदील का म्हणतात?" उत्तर देण्यासाठी मी ते छायाचित्र प्रथमच नीट पाहिले: तळाशी फुगलेली नळी, वर टोकांशी जुळलेल्या पाकळ्या, त्यांच्यामधल्या खिडक्या, आणि आत शिरलेल्या बारीक माशीला स्वतः सुकेपर्यंत अडकवून ठेवणारी नळीतली केसाळ लव. वर्णनासाठी असलेली दीड हजार अक्षरांची मर्यादा त्या दिवशी मला अपुरी पडली. त्या संवादात आणखी तीन सभासद आले, आणि आज आम्ही पाचजण एकमेकांची चित्रे तपासतो, ओळख चुकली तर सांगतो. ठिकाण तालुक्याच्या नावापेक्षा अधिक नेमके लिहायचे नाही, हा आपण सुचवलेला नियम तर आम्ही सर्वांनीच मनापासून स्वीकारला आहे.

येथे मराठी लिहिणारे थोडे आहेत, कित्येकदा दिवसभर काहीच नवे दिसत नाही, आणि या शांततेची सवय व्हायला मला वेळ लागला, हेही खरे. मात्र या शांततेमागे आपले जागरण आहे. सर्व्हरचे भाडे, वाढत जाणारा चित्रांचा साठा, रात्री-अपरात्री येणाऱ्या तक्रारी आणि जिथून शिवीगाळ होते त्या सर्व्हरांशी संपर्क वेळीच तोडणे, हे सारे आपण नोकरी सांभाळून, मोबदला न घेता करता. गेल्या महिन्यात आपण दमल्याचे एका ओळीत लिहिलेत, तेव्हा आभार मानण्यास फार उशीर केला, असे मला तीव्रतेने वाटले.

म्हणून आभारासोबत एक विनंती: शनिवार-रविवारच्या तक्रारी पाहण्याचे काम माझ्याकडे द्यावे. ते कसे करायचे, हे मी आपल्याकडून शिकेन.

आपली कृतज्ञ,
एक सभासद