आमरीचा फोटो: फुलासोबत पान, मूळ आणि झाडही हवे

संपादक महोदय,

शिगम्याच्या सुमारास वर्तमानपत्रांत वाचकांनी टिपलेली रानफुले दिसू लागतात. आमरी म्हणजे ऑर्किड असेल तर चौकटभर एकच फूल, मागे अंधूक हिरवे आणि खाली ‘जंगली ऑर्किड’ एवढीच ओळ. फोटो देखणा असतो, पण नाव सांगता येत नाही. ओळख पटवणारे बहुतेक सगळे चौकटीबाहेर राहिलेले असते.

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या रानात या दिवसांत बिनपानांच्या दांड्यांवर फुललेले डेंड्रोबियम हे आमरीचे कुळ घ्या. त्याची जात बार्बाट्युलम की ओव्हॅटम, हा नेहमीचा घोळ. पहिल्याचे फूल पांढरे, दुसऱ्याचे लहान आणि सायीसारखे पिवळसर. पण पानांतून गाळून आलेल्या हिरवट उजेडात मोबाइल स्वतःच्या अकलेने रंग ‘सुधारतो’ आणि साय पांढरी होऊन बसते. म्हणून एका फोटोत फुलाशेजारी कोरा कागद धरावा. कागदच हिरवा किंवा निळा आला, तर त्या फोटोतल्या रंगावर विसंबू नये. थेट उन्हात पांढऱ्या पाकळीवरच्या शिरा पुसल्याच जातात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, ०.७ ते १ स्टॉप (कॅमेऱ्यातले उजेडाचे माप) उतरवावे आणि छत्रीने सावली करावी. छत्री काळीच हवी, रंगीत छत्रीचा रंग फुलावर उतरतो.

समोरचा फोटो सगळेच काढतात. खरी ओळख बाजूने पटते. डेंड्रोबियमच्या फुलाला मागे हनुवटीसारखा फुगवटा असतो, तर एरिडीस या दुसऱ्या आमरीच्या ओठाला, म्हणजे पुढच्या वेगळ्या पाकळीला, पुढे वळलेले शिंग. समोरून दोन्ही नीट कळत नाहीत. त्यानंतर पान, दांडा, सालीवर पसरलेली मुळे, पूर्ण रोप आणि ज्या झाडावर ते आहे त्याची साल व पाने. एका फोटोत मापासाठी पट्टी हवीच. सिंबिडियम अ‍ॅलॉइफोलियम ही आमरी तर जाड, चामड्यासारख्या, पट्ट्यासारख्या लांब पानांच्या झुबक्यावरून फूल नसतानाही ओळखू येते. झाडांचेही तसेच. कुड्याच्या फुलाच्या घशात झालर असेल तर तो काळा कुडा, नसेल तर पांढरा. दुरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखेच पांढरे तारे दिसतात.

लोंबता तुरा जराशा वाऱ्यानेही हलतो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत काम उरकावे. कॅमेऱ्याचा शटर-वेग १/२५० सेकंद आणि भिंगाचे छिद्र एफ ८ ते ११ ठेवले की ओठ आणि मागच्या पाकळ्या दोन्ही स्पष्ट येतात. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवावा. थोडे दाणे आले तरी ओळख पटते, हललेल्या फोटोवरून पटत नाही. मोबाइल फुलाला चिकटवला की फोकस मागच्या सालीवर जातो. वीतभर मागे सरून दुप्पट झूम करावा. उंचावरच्या फुलासाठी फांदी ओढू नये, लांब लेन्स नसेल तर ते फूल सोडून द्यावे.

जाता जाता एक. आंब्या-फणसावरची बांडगुळे उतरवताना आमरीही कोयत्याखाली जाते. बांडगूळ फांदीत घुसलेले असते आणि जोडाशी गाठ येते. आमरीची राखाडी-चंदेरी मुळे सालीवरून नुसती धावतात. त्यांवर पाणी शिंपडले की ती थोड्याच वेळात हिरवी दिसू लागतात. आमरी झाडाचा रस पीत नाही. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय कोणतेही रोप काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आमरी चोरणारेही फोटो पाहतात. त्यामुळे वाचकांनी पाठवण्यापूर्वी फोटोतली जागेची नोंद बंद करावी आणि आपणही तालुक्यापलीकडे ठिकाण छापू नये. नाव खात्रीचे नसेल तिथे ‘डेंड्रोबियमची एक जात’ एवढे छापले तरी पुरे.

– काही वनस्पती अभ्यासक, वाळपई, सत्तरी