फ्रेम १४३ वर थांबलेल्या अनोळखी माणसास

नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. तुमचं वय काय, राहता कुठे, पोटासाठी ॲनिमेशन करता की दिवसाचं काम आटोपल्यावर हौसेनं, यातलंही काही ठाऊक नाही. एक टोपणनाव आणि त्याशेजारी हातानं काढलेला छोटा कोल्हा, एवढीच तुमची ओळख. तरी हे पत्र लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं इंटरनेटवर टाकलेल्या शॉटखाली तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि त्यात एक आकडा होता. १४३.

मी ॲनिमेशन शिकवते. ही मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा शॉट ११ सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २६४ फ्रेम, पडद्यावरून एकामागून एक सरकणारी स्थिर दृश्यं. दर दोन फ्रेमना एक चित्र धरलं तरी १३२ चित्रं, सगळी हातानं काढलेली. एक बाई फोनवर काहीतरी ऐकते, एक शब्द बोलत नाही, फोन खाली ठेवते आणि दाराकडे बघते. बास, एवढंच. त्यात कुणी धावत नाही की काही फुटत नाही. पाच आठवडे ती या एका बाईपाशी बसली होती.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो शॉट पाचव्या सेकंदाला थांबवला. "पुढे असंच आहे ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढची फाइल उघडली. गुण बरे दिले. मला ते गुणच जास्त जिव्हारी लागले. पाच आठवड्यांच्या कामाला अकरा सेकंद निघू नयेत? वर दुसऱ्या एकानं तिला ऐकवलं, की कामाच्या ठिकाणी असली नाजूक कलाकुसर कुणी बघत बसत नाही, किती भराभर शॉट उरकतेस ते बघतात. हे बोलणारा माणूस स्वतः कधीकाळी चित्रं काढत होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मी? तीस मुलांच्या कामावर मी "टायमिंग सुधार", "छान, करत राहा" असं लिहीत होते. खोटं नव्हतं त्यात काही, पण ते कुठल्याही शॉटखाली चाललं असतं. तिच्या शॉटखालीही मी तेच लिहिलं होतं.

मग तिनं काढणं थांबवलं. वर्गात यायची, बसायची, टॅब्लेट बॅगेतच. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, कुणी बघतच नाही, तर मधली चित्रं काढायची कशाला?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या कामाचं दुखणंच ते आहे. मधलं चित्र, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली हालचाल जोडणारं, चांगलं जमलं की ते दिसेनासं होतं. बघणाऱ्याला फक्त जाणवतं की बाईनं श्वास सोडला. त्या श्वासासाठी खांद्याची किती चित्रं लागली आणि त्यांतलं अंतर कसं कमी-कमी करत आणलं, हे त्याला कळू नये यातच कसब. पण काढणाऱ्याला कधीतरी, एकदा तरी, कुणीतरी तिथे थांबलेलं हवं असतं.

११ सेकंदांची ही मर्यादा मी इलेव्हन सेकंड क्लबवरून उचलली होती. २००७ साली सुरू झालेली ती मासिक स्पर्धा मी वर्गात दरवर्षी सांगते: सगळ्यांना आवाजाची एकच साधारण ११ सेकंदांची क्लिप, महिन्याची मुदत, मग सभासदांचं मतदान, आणि पहिल्या येणाऱ्याला व्यावसायिक ॲनिमेटरकडून त्याच्या कामाचं बारकाईनं परीक्षण. आपलं काम कुणीतरी नीट बघणं हेच तिथलं बक्षीस. इतकी वर्षं मी हे सांगत आले आणि त्याचा अर्थ मला तुमच्यामुळे लागला.

तिला शॉट लोकांसमोर टाकायला मीच सांगितलं, पण धास्तावत. न्यूग्राउंड्ससारख्या जुन्या संकेतस्थळावर बघणारेच ० ते ५ गुण देतात आणि फारच कमी गुण पडले तर काम तिथून काढलं जातं, हे मला माहीत होतं. आधीच खचलेल्या मुलीला आपण गर्दीत ढकलतोय का, या विचारानं मी दोन रात्री नीट झोपले नाही. पहिले चार दिवस काहीच झालं नाही. नऊ जणांनी पाहिलं, एकानं अंगठा दाखवला. पाचव्या दिवशी तुम्ही लिहिलंत.

तुम्ही लिहिलं होतं, की १४३ पासून खांदे खाली येतात ते चार वेळा मागे जाऊन पाहिलं. १५१ वर डोळे आणि डोकं एकदमच दाराकडे वळतात. डोळे दोन चित्रं आधी वळवून बघ, म्हणजे तिला आधी दार आठवेल आणि मग ती वळेल. शेवटी एक प्रश्न: फोनवर कोण होतं?

ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. पडद्यावर १४३ थांबवलेली होती. "मॅडम, इथं थांबलंय कुणीतरी," एवढंच म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. मलाही.

परीक्षकांनी शॉट बंद केला त्यानंतर सेकंदाच्या आतच ती फ्रेम येते. जेमतेम एक सेकंद, आणि ती बाई श्वास सोडणार होती.

तुमची सूचना अचूक होती, पण सूचना मीही करू शकले असते, करायला हवी होती. तुम्ही आकडा लिहिलात. आकडा लिहायचा तर शॉट थांबवावा लागतो, एकेक फ्रेम पुढे-मागे न्यावी लागते, मोजावं लागतं. त्या मुलीशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं, तुम्हाला कुणी मानधन देणार नव्हतं, आणि ती काही मोठी होऊन तुमचं नाव घेणार नव्हती. माणसं इतकी चांगली असतात हे मी विसरत चालले होते. वाईट बोलणारे आठवणीत राहतात, आणि असे चार ओळी लिहून निघून जाणारे कुणाच्या हिशेबातच येत नाहीत. तुम्ही अशा किती जणांच्या कामाखाली लिहिलं असेल, कोण जाणे.

आता माझ्या वर्गात प्रत्येकजण अर्धवट पेन्सिल टेस्टसुद्धा, म्हणजे कच्च्या रेखाटनांची चाचणी, लोकांसमोर टाकतो, पण सोबत एक नेमका प्रश्न घालून. "कसं वाटलं?" हा प्रश्न मी बंद केला आहे. "१ ते ४८ मध्ये पिशवीचं वजन जाणवतं का?" असं विचारलं की उत्तरही तसंच नेमकं येतं. आकडा नसलेला शेरा मी स्वतः लिहीत नाही. वेळ जास्त लागतो. पूर्वी तो वेळ मी कशात घालवत होते, ते आठवायला नको वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिनं मलाही सांगितलेलं नाही. म्हणाली, ते त्यांनाच सांगेन. सुधारलेला शॉट तिनं मागच्या आठवड्यात तिथेच टाकलाय. तुमच्या नजरेस तो पडला की नाही, कळायला मार्ग नाही. पडला तर १४७ वर थांबा. डोळे आता तिथे वळतात.

तुमची ऋणी,
तिची शिक्षिका