आई-बाबा, मी उपाशी नाही

ती. आई-बाबांस,

सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाने तुमच्या कानावर काय काय घातलंय ते मला कळलं. त्यातलं निम्मं खरं आहे. मी मटण, अंडी आणि दूध सोडलंय. दिवसातलं बरंचसं खाणं कच्चं असतं. जिममध्ये वजनं उचलते, तेही खरं. "पालापाचोळा खाऊन राहते" हे मात्र त्याच्या पदरचं.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते, कारण तुम्हाला जास्त लागलं असणार. रविवारी तुम्ही स्वतः उभं राहून केलेल्या पांढऱ्या रश्श्यात काही खोट होती असं माझ्या मनातसुद्धा नाही. ज्याने आम्ही वाढलो त्याला नावं ठेवायला मी काही मोठी शहाणी नाही. पण अप्पांचं जे झालं आणि नंतर तुमच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते डोक्यातून जात नाही. तुमचं नाक घेतलं, राग घेतला, मग कोलेस्टेरॉल तेवढं कसं सोडणार? पस्तिशीतच माझा रिपोर्ट तुमच्या वळणावर जाताना दिसला. दुधाचं तर आईला माहीतच आहे, कॉलेजपासून पोट बिघडायचं, मी तशीच पीत होते. मटणाची वाटी पुढे आली की हल्ली आपली म्हसरंही डोळ्यांसमोर येतात, पण ते जाऊ दे. त्यावरून आपलं भांडण होईल.

तुम्हाला वाटतंय की यात पोरगी वाळणार. बाबा, मला सांगा, तालमीतल्या थंडाईत शिजवलेलं काय असायचं? रात्रभर भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, सगळं दगडावर वाटायचं आणि गाळून प्यायचं. त्यात दूध असायचं हे कबूल. पण खुराक म्हणजे चुलीवरचंच, असं वस्तादसुद्धा म्हणत नसत. आणि आई, तुझी चैत्रातली आंबेडाळ? हरभऱ्याची डाळ भिजवायची, कैरी किसून घालायची, वर फोडणी. ती कच्चीच की. मेथीचा घोळाणा, पचडी, दडपे पोहे यांतलंही काही गॅसवर चढत नाही. मी बाहेरून काही आणलेलं नाही, तुझ्याच डब्यातलं जरा जास्त खाते.

आता काय खाते ते सांगते, नाहीतर आईला झोप लागायची नाही. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. साध्या माणसाला आपल्याकडचे तज्ज्ञ ०.८३ सांगतात, म्हणजे मला दुप्पट लागतात. माझं वजन ६० किलो, तेव्हा दिवसाला ९६ ग्रॅम. सकाळी मूठभर भिजवलेले शेंगदाणे (१०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामापेक्षा जास्त आणि किंमत कितीतरी कमी), भोपळ्याच्या बिया, थोडे बदाम, केळी, खजूर. दुपारच्या डब्यात मोड आलेले मूग, काकडी, टोमॅटो, गाजर, ओलं खोबरं, वर लिंबू. संध्याकाळी व्यायाम झाला की टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, नाहीतर वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर पाण्यात ढवळून. आणि रात्री, आई, नीट वाच, रात्री ज्वारीची गरम भाकरी आणि आमटी. दोन भाकऱ्या. स्वतः थापते. फुगतात.

म्हणजे मी निव्वळ कच्च्यावर नाही. अंगात ताकद आणायची असेल तर निव्वळ कच्च्यावर जमायला फार कठीण आहे. पालेभाजी आणि फळांनी पोट भरतं, पण उष्मांक पुरत नाहीत. दिवसभर शेळीसारखं चरत बसावं लागेल, आणि मला नोकरी आहे. शिजवल्यावर अन्न मऊ होतं, त्यातला स्टार्च आणि प्रथिनं नीट पचतात. कच्च्या भाजीतले 'जिवंत एन्झाइम' अंगी लागतात असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. पण ते एन्झाइम बहुतेक आपल्या जठरातल्या आम्लात मोडून जातात. मी कच्चं खाते ते आवडतं म्हणून, सकाळी वेळ वाचतो म्हणून आणि पोट साफ राहतं म्हणून.

आई, तू फोनवर आडून आडून जे विचारलंस त्याचं उत्तर, हो, पाळी वेळेवर येते. तुझी शंका वेडेपणाची नव्हती. जर्मनीत कच्चं खाणाऱ्या पाचशेवर लोकांची पाहणी झाली होती, १९९९ साली ती छापून आली. त्यातल्या पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित किंवा बंद झालेली होती. खाणं जितकं जास्त कच्चं, तितकं वजन कमी. म्हणून तर रात्रीची भाकरी मी सोडत नाही आणि दर महिन्याला वजन बघते. घटलं की आधी दाणे वाढवते.

वाचताना बाबांच्या मनात "नुसत्या झाडपाल्यावर कोण पैलवान झालाय?" आलं असणार. मास्टर चंदगीराम शाकाहारीच होते ना? १९७० च्या बँकॉक एशियाडचं सुवर्णपदक त्यांनी आणलं, हे तुम्हीच सांगितलेलं. "ते दूध-तूप खायचे" असं तुम्ही म्हणणार. बरं, मग केंड्रिक फॅरिस घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला अमेरिकेकडून वेटलिफ्टिंगला गेलेला तो एकमेव पुरुष, आणि तेव्हा तो दूधसुद्धा घेत नव्हता. अर्थात तो शाकाहारी, कच्चाहारी नव्हे.

आणि स्नायू खाण्याने वाढत नाहीत, मेहनतीने वाढतात, हे मला कुणी शिकवलं? खाणं म्हणजे विटा, गवंडी आपणच. जमिनीवरची वजनाची दांडी पाठ न वाकवता, पाय रोवून उचलायची, त्याला डेडलिफ्ट म्हणतात. मी ९० किलो उचलते. आठवड्याला दांडीवर अगदी थोडं वजन वाढवायचं, चांगलं झोपायचं, घाई करायची नाही. दांडी मांड्यांना घासत वर येते तेव्हा तळहातात खडबडीत लोखंड रुततं, आणि तुमच्या हाताच्या घट्ट्यांची आठवण येते. लहानपणी मी ते बोटाने मोजायचे आणि तुम्ही झोपल्याचं सोंग करायचात.

डिसेंबरात स्पर्धा आहे, नाव दिलंय. आई, कपडे अंगासरशी असतात, आधीच सांगते, म्हणजे फोटो बघून धक्का नको. अंग पुरुषी होणार नाही. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन फार थोडं असतं, तेवढ्यावर बाप्यासारखे दंड होत नाहीत. कोपऱ्यावरच्या काकू काय म्हणतील ते त्यांचं आधीच म्हणून झालेलं आहे.

डब्यात दिसलेली पांढरी पावडर म्हणजे क्रिएटिन. औषध नाही, स्टेरॉइड तर मुळीच नाही. आपलं शरीर ते थोडं बनवतं, थोडं मांस-मासळीतून मिळतं. मांस सोडलेल्यांच्या स्नायूंत ते कमी असतं, म्हणून रोज ३ ते ५ ग्रॅम घेते. कारखान्यात तयार होतं, प्राण्यापासून नाही. रक्त तपासताना क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बघायला मोजतात ते, थोडं जास्त दिसू शकतं, ते डॉक्टरांना सांगून ठेवलंय. तुम्ही रिपोर्ट बघून घाबरू नका. बघायला मागूही नका.

गोळी फक्त एका गोष्टीची घ्यावीच लागते, बी-१२ची. भाजीपाल्यात ते भरवशाने मिळतच नाही, कितीही शेवगा-पालक खा. आणि बाबा, आता तुमची पाळी. साखरेसाठी तुम्ही किती वर्षं मेटफॉर्मिन घेताय? ते फार वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, आणि तुम्ही "साखरेमुळे आहे" म्हणून सोडून देता. साखरेमुळेही असेल. पण या महिन्यात बी-१२ तपासून घ्यायचं. साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, नुसती तपासणी करायची आणि कागद डॉक्टरांना दाखवायचा. दादाला सांगितलंय, तो गाडी घेऊन येईल. "नंतर बघू" चालणार नाही.

आई, तू माझं बघून कच्ची मोडाची मटकी खायला लागू नकोस. मला माहीत आहे तू लागशील. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे मोठी साथ पसरली, पन्नासावर माणसं गेली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांनी तर मोड वाफवूनच खावेत. मीही आता पाच मिनिटं वाफवते. तुझ्या पंचातल्या पुरचुंडीतून मी मटकीच्या शेपट्या ओढून ओढून खायचे, तू पाठीत धपाटा घालायचीस, तो धपाटा योग्यच होता म्हणायचा. राजमा तर अजिबात कच्चा नको. नुसता भिजवलेला राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. तो रात्रभर भिजवून, पाणी फेकून, खळखळ उकळूनच खायचा. सोयाबीनही शिजवूनच. शेंगदाणे निवडून घे, सुरकुतलेले, बुरशी धरलेले सरळ टाकून दे, भाजून वापरू नकोस. त्यातलं विष भाजून जात नाही.

आणखी दोन गोष्टी. कुणीतरी पाठवलेलं वाचून तू घरात नुसतं सैंधव सुरू केलंयस. त्यात आयोडीन पुरेसं नसतं. साधं आयोडीनयुक्त मीठ परत आण. आणि जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. तासाभराने घे, मी काही तुझा चहा तोडत नाही.

तुम्ही दोघांनी तुमचं जेवण बदलू नका. मनापासून सांगते. बाबांनी दूध प्यावं, अंडं खावं, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं मटणही खावं. साठीनंतर स्नायू आपोआप जास्त वेगाने झडतात आणि प्रथिनं उलट जास्त लागतात. तुम्ही दोघं रात्री नुसत्या भाताच्या पेजेवर निजता, ते मला आवडत नाही. पेजेबरोबर वाटीभर मुगाचं घट्ट वरण घ्या. आणि रोज, हात न टेकता, खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. बाबा, हसू नका. एके काळी तुम्ही शेकड्याने बैठका मारल्यात, म्हणून खुर्ची हलकी वाटतेय. आईचा गुडघा दुखला तर तिने टेबल धरावं. भिंतीला हात टेकून जोर मारलेत तरी चालतील. माळ्यावरचे मुद्गल मात्र खाली काढायचे नाहीत. मी आल्यावर काढते. मला हवेत ते.

गौरीला येतेय. पुरणपोळी खाणार, ताई कोकणातून आली की खाते तशी नारळाच्या दुधाबरोबर. तूप वाढू नकोस, वाढलंस तर गुपचूप दादाच्या ताटात सरकवीन. रस्सा करा, त्याचा वास मला चालतो. सकाळी बाबांबरोबर गंगावेशच्या दूधकट्ट्यावरही येईन. तुम्ही धारोष्ण प्या, मी नुसती उभी राहीन. पूर्वी ग्लास माझ्या हातात देऊन तुम्ही उभे राहायचात आणि फेसाच्या मिशा पुसायला रुमाल काढायचात. रुमाल घेऊन या, तुम्हालाही मिशा येतात.

येताना मला नेण्यासाठी जवसाची चटणी करून ठेव, लसूण जास्त. मासे सोडल्यावर ओमेगा-३ साठी जवसच धरलाय, आणि इथे दुकानातल्या चटणीला कडवट वास येतो. काळे तीळ एक किलो, घरचे शेंगदाणे पाच किलो, सालासकट. टरफलं मी काढीन, तू बसून काढू नकोस, तुझी कंबर. दादाला द्यायच्या आधी पिशवीवर माझं नाव लिही, तो निम्मे खातो.

बी-१२चा रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठवा. फोटो उजेडात काढा, मागच्या वेळी नुसता बाबांचा अंगठा दिसत होता.

तुमची,
चिमी